पाणी गाळायचं कोणी? फडक्यापासून सिंकखालच्या फिल्टरपर्यंत

मंडळी, पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा, पण वाचा. विषय आपल्या सगळ्यांच्या रोजच्या ग्लासातला आहे.

दिवाळीआधी घरी सिंकखाली पाण्याचा फिल्टर बसवून घेतला. तेव्हापासून ओळखीचे दहाजण तरी विचारून गेले, "कुठला घेतला? आरओ की यूव्ही? खर्च किती?" सगळ्यांना एकदाच उत्तर द्यावं म्हणून लिहायला बसले, आणि लिहिता लिहिता अडीचशे वर्षं मागे गेले. कारण पिण्याचं पाणी साफ करायचं काम नक्की कोणाचं? घरातल्या बाईचं, गावाचं, नगरपालिकेचं की कंपनीचं? याचं उत्तर आपल्याकडे सारखं बदलत आलंय. सिंकखालचा तो डबा हा त्या प्रवासातला अगदी अलीकडचा मुक्काम आहे. त्यामुळे फिल्टर कसा बसवायचा हे सांगतेच, पण तो आपल्या ओट्याखाली येऊन कसा पोचला तेही सांगते.

सुरुवात फडक्यापासून.

हंड्याच्या तोंडाला जुन्या धोतराचं नाहीतर लुगड्याचं फडकं बांधून पाणी गाळणं हे आपल्या आज्या-पणज्यांचं रोजचं काम. पाणी गाळून प्यावं हे मनुस्मृतीत आहे, जैनांच्या घरात तर तो आचाराचाच भाग. गढूळ पाणी असेल तर तुरटी फिरवायची, किंवा माठाच्या आतून निवळीची बी घासायची. या निवळीचा उल्लेख सुश्रुतसंहितेतही 'कतक' नावाने येतो. बी घासली की पाण्यातले मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि तळाशी बसतात. आज महापालिकेच्या केंद्रात तुरटी टाकून जे करतात, त्याचं तत्त्व हेच.

या फडक्याला हसायचं कारण नाही. नारू आठवतोय का कोणाला? पन्नाशीच्या पुढच्यांना आठवत असेल. पायातून हातभर लांब जंत बाहेर यायचा, काडीला गुंडाळत गुंडाळत तो दिवसेंदिवस ओढून काढायचा. पायऱ्यांच्या विहिरीत लोक उतरून पाणी भरायचे, नारू झालेला पाय पाण्यात बुडायचा, त्यातून अळ्या पाण्यात जायच्या, त्या सायक्लॉप्स नावाचा बारीक जलजीव गिळायचा आणि तो जीव आपण पाण्यातून गिळायचो. एवढंच चक्र. यावर ना लस होती ना खात्रीचं औषध. १९८३-८४ च्या सुमारास सरकारने नारू निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम घेतला. पायविहिरींच्या जागी रहाटाच्या विहिरी आणि हातपंप, पाण्यात औषध, आणि घरोघरी गाळायला बारीक जाळीचं कापड. महाराष्ट्र हे नारूग्रस्त राज्यांपैकी एक होतं. देशातला शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारताला नारूमुक्त जाहीर केलं.

दुसरी गोष्ट बांगलादेशातली. तिथल्या खेड्यांत रिटा कोलवेल या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंच्या गटाने बायकांना जुनी सुती साडी चार-आठ पदरी घडी करून पाणी गाळायला शिकवलं. कॉलऱ्याचे जंतू पाण्यातल्या सूक्ष्म जीवांना चिकटून राहतात. ते जीव साडीत अडकले की बरेचसे जंतूही अडकतात. २००३ साली निष्कर्ष छापून आले. कॉलऱ्याचं प्रमाण जवळपास निम्म्याने घटलं होतं.

दोन्हीकडे एक गोष्ट सारखी आहे. फडकं घरातलं, पण ते वापरायची मोहीम सगळ्या गावाची. एका घराने गाळून भागलं नसतं.

आता हौदाकडे येऊ.

पुण्यात नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या आसपास, कात्रजला एकाखाली एक असे दोन तलाव बांधले आणि तिथून जमिनीखालच्या दगडी नळाने पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणलं. मध्ये ठिकठिकाणी उच्छ्वास आणि हौद. वरच्या तलावात गाळ खाली बसायचा, निवळलेलं पाणी पुढे जायचं. कुठलंही यंत्र नाही, नुसता उतार आणि वेळ. आजही पेठांमध्ये त्याच्या खुणा सापडतात, आणि आपण त्यांचे फोटो टाकून 'आपले पूर्वज किती हुशार' असं लिहितो. हुशार होतेच. पण फोटोखाली एक वाक्य लिहायचं राहून जातं. ते पाणी सगळ्यांचं नव्हतं.

म्हणून तर १८६८ साली जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांसाठी खुला केला तेव्हा ती बातमी झाली. आणि म्हणूनच २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना महाडच्या चवदार तळ्यावर हजारो माणसं घेऊन जाऊन ओंजळभर पाणी प्यावं लागलं. मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्येच सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करायचा ठराव केला होता, महाड नगरपालिकेनेही तळं खुलं केलं होतं. सगळं कागदावर. सत्याग्रहानंतर काय झालं? गावातल्या सवर्णांनी तळं 'शुद्ध' करून घेतलं. कशाने, तर शेण आणि गोमूत्र घातलेल्या एकशे आठ घागरींनी! कोर्टकज्जा दहा वर्षं चालला. १९३७ साली उच्च न्यायालयात निकाल सत्याग्रहींच्या बाजूने लागला.

हे इथे का सांगतेय? कारण 'शुद्ध पाणी' हा शब्द आपल्याकडे फार काळ जंतूंशी जोडलेलाच नव्हता. कोणी स्पर्श केला यावर पाण्याची शुद्धता ठरायची. ज्या तळ्यात गुरं चालायची, तिथे माणूस चालत नव्हता. रस्त्यातला नळ आल्यावर भांडणं संपली असं नाही, नळावरही रांगा वेगळ्या होत्या. पण नळाच्या पाण्याने एक मोठी गोष्ट केली. ते सगळं पाणी एकाच ठिकाणी गाळलं जाऊ लागलं. वरच्या आळीचं आणि खालच्या आळीचं पाणी एकाच वाळूतून यायला लागलं.

ती वाळू आली लंडनहून.

१८२९ साली जेम्स सिम्प्सन नावाच्या इंजिनिअरने तिथल्या एका पाणी कंपनीसाठी वाळूची मोठी गाळणी बांधली. खाली खडी, वर वाळू, त्यावरून पाणी संथ झिरपू द्यायचं. हेतू फक्त गढूळपणा घालवण्याचा होता. जंतूंमुळे रोग होतात हे तेव्हा माहीत नव्हतं. वाळूच्या वरच्या थरावर जो शेवाळी पापुद्रा धरतो तो रोगजंतूही अडवतो, हे खूप नंतर कळलं.

पुरावा मिळाला १८९२ साली जर्मनीत. हॅम्बुर्ग आणि आल्टोना ही अगदी चिकटलेली शहरं, आपलं पुणे आणि पिंपरी-चिंचवड समजा. दोघांचं पाणी एल्ब नदीचं. हॅम्बुर्ग न गाळता द्यायचं, आल्टोना वाळूतून गाळून. कॉलरा आला. हॅम्बुर्गमध्ये आठ हजारांहून जास्त माणसं गेली. आल्टोना बहुतांश वाचलं. खरं तर आल्टोनाचं पाणी आणखी वाईट असायला हवं, कारण ते हॅम्बुर्गच्या खालच्या अंगाला, तिथला मैला मिसळल्यावर नदीतून घेतलं जायचं. जिथे रस्ता हीच हद्द, तिथे रस्त्याच्या एका बाजूला कॉलरा आणि दुसऱ्या बाजूला नाही, असं चित्र होतं. रॉबर्ट कॉख यांनी हे जगापुढे मांडलं. त्यानंतर पाणी गाळणं हा दयाधर्म किंवा सोय राहिली नाही, ते नगरपालिकेचं कर्तव्य झालं.

आपल्याकडे मुंबईला १८६० मध्ये विहारचं नळाचं पाणी आलं. पुण्याजवळ १८७० च्या दशकात खडकवासल्याचं धरण बांधलं गेलं आणि पुढे शहर कात्रजच्या हौदांवरून हळूहळू खडकवासल्याच्या नळावर आलं. पर्वतीच्या पायथ्याचं जलकेंद्र आपल्यापैकी अनेकांनी बाहेरून पाहिलंय. आत जे चालतं ते सोप्या भाषेत असं. पाण्यात तुरटीसारखं रसायन मिसळतात, गाळाचे गोळे होतात, मोठ्या गोल टाक्यांत ते खाली बसतात. वरचं निवळ पाणी वाळूतून गाळतात. शेवटी क्लोरीन देतात. क्लोरीन नुसतं केंद्रातले जंतू मारण्यासाठी नसतं. वाटेत पाइपमध्ये काही शिरलं तर त्याचाही बंदोबस्त व्हावा म्हणून थोडं क्लोरीन नळापर्यंत शिल्लक राहायला लागतं. भारतीय मानकानुसार ग्राहकाच्या नळाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन सापडलं पाहिजे. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

या व्यवस्थेवर शहर किती अवलंबून होतं हे १२ जुलै १९६१ ला कळलं. पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला. पुराच्या गोष्टी आपण सगळ्यांनी घरी ऐकल्यात. पूर ओसरल्यावर मात्र नळ कोरडे, आणि लोक पुन्हा वाड्यातल्या विहिरींकडे. बुजवायला निघालेल्या विहिरींनी तेव्हा पुणं तगवलं.

मग एवढी चांगली सामाईक व्यवस्था असताना गाळणं परत घरात का आलं?

दोन कारणं, आणि दोन्ही खरी आहेत.

पहिलं, सामाईक व्यवस्थेचा भरवसा गेला. १९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीत काविळीची भयंकर साथ आली. सुमारे एकोणतीस हजार लोकांना कावीळ झाली. गंमत म्हणजे तिथलं पाणी शुद्धीकरण केंद्रातून येत होतं. पुरानंतर यमुनेचा प्रवाह बदलला, नाल्याचं मैलापाणी उलटं वाहत पाणी उपसायच्या जागेपर्यंत आलं. क्लोरीन वाढवलं, जिवाणू मेले, पण विषाणू निसटला. आज त्याला हिपॅटायटिस ई म्हणतात. आपल्याकडे इचलकरंजीने २०१२ साली हीच कावीळ सोसली.

शिवाय आपलं पाणी चोवीस तास नसतं. दिवसातून दोन-तीन तास येतं, मग पाइप रिकामे. रिकाम्या पाइपात दाब उतरला की फुटक्या सांध्यातून बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. शेजारून ड्रेनेजची लाइन गेली असेल तर काय आत येतं ते सांगायला नको. म्हणजे केंद्रातून स्वच्छ निघालेलं पाणी आपल्या गल्लीत येता येता घाण होऊ शकतं. त्यापुढे सोसायटीची जमिनीखालची टाकी, मग गच्चीवरची टाकी. त्या टाक्या शेवटच्या कधी धुतल्या, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे?

दुसरं कारण, विकणारे आले. आमच्या लहानपणी स्टीलच्या फिल्टरमध्ये पांढरी कँडल असायची, दर रविवारी ती ब्रशने घासायची. १९८० च्या दशकात अतिनील किरणांचं यंत्र आलं आणि टाय लावलेला विक्रेता दारात उभा राहू लागला. 'अ‍ॅक्वागार्ड' हा शब्द इतका रुळला की यंत्र कुठलंही असो, घरात त्याला तेच म्हणायचे. पुण्यातल्या टाटांच्या संशोधन केंद्रात भाताच्या तुसाच्या राखेपासून 'सुजल' नावाचा स्वस्त फिल्टर तयार झाला. वीज नको, नळही नको. त्याच वाटेने २००९ साली 'टाटा स्वच्छ' बाजारात आला. आणि या सगळ्यांवर मात करून गेला तो आरओ.

आरओचं तंत्र मुळात समुद्राचं पाणी गोडं करण्यासाठीचं. १९६० च्या सुमारास कॅलिफोर्नियात लोब आणि सौरीराजन या दोघांनी त्याचा कामाचा पडदा तयार केला. सौरीराजन आपले भारतीय वंशाचे. जोराचा दाब देऊन पाणी अशा पडद्यातून ढकलायचं की क्षारसुद्धा मागे राहतील. खाऱ्या पाण्याच्या गावांना हे वरदान आहे. यवतमाळ, चंद्रपूरसारख्या जिल्ह्यांत काही गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे, दात आणि हाडं खराब होतात. तिथे आरओ हवाच. बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी पिणाऱ्यांनाही त्याचा उपयोग आहे.

पण धरणाचं पाणी पिणाऱ्या पुणेकराला? सह्याद्रीत पडलेला पाऊस तो. त्यात विरघळलेले क्षार मुळातच कमी. माझ्या घरी नळाच्या पाण्याचा टीडीएस नव्वदच्या आत भरला. मानकानुसार पाचशेपर्यंत चालतो. तरी आमच्याकडे आलेल्या विक्रेत्याने जादूचा प्रयोग केलाच. दोन ग्लास, एकात नळाचं पाणी, एकात आरओचं. दोन्हींत विजेच्या कांड्या बुडवल्या. मिनिटभरात नळाचं पाणी तपकिरी, आरओचं जसंच्या तसं. "मॅडम, हे पिताय तुम्ही!" शेजारच्या काकूंनी तर तोंडाला पदरच लावला.

हा प्रयोग नीट समजून घ्या, कारण तो तुमच्याही दारात येणार आहे. त्या कांड्यांपैकी एक लोखंडाची असते. पाण्यात क्षार असले की वीज वाहते, लोखंड झिजतं आणि गंज पाण्यात उतरतो. तपकिरी रंग त्या कांडीचा असतो. आरओच्या पाण्यात क्षार नाहीत, वीज वाहत नाही, म्हणून गंज नाही. तसाच तो टीडीएसचा पेनासारखा मीटर. तो फक्त पाण्यातून वीज किती वाहते ते मोजतो. कॉलऱ्याचे जंतू असलेल्या पाण्याचा टीडीएस पन्नासही भरू शकतो. आणि जंतू नसलेल्या चांगल्या विहिरीच्या पाण्याचा चारशे. टीडीएस कमी म्हणजे पाणी सुरक्षित, हा आपल्या काळातला सर्वांत यशस्वी गैरसमज आहे.

शिवाय साधा घरगुती आरओ एक लिटर पाणी देताना तीनेक लिटर मोरीत सोडतो. उन्हाळ्यात दिवसाआड पाणी येणाऱ्या शहरात हे आपण करतोय. २०१९ साली राष्ट्रीय हरित लवादाने पाण्याचा टीडीएस पाचशेच्या खाली असेल तिथे आरओवर बंदी आणायला सरकारला सांगितलं. घरोघरी काय झालं, तुम्ही बघताच आहात.

तर आता तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर. मी काय बसवलं?

तीन टप्प्यांचा साधा फिल्टर. पहिला टप्पा पाच मायक्रॉनचं स्पन कार्ट्रिज. दोऱ्याच्या जाड रिळासारखं दिसतं. माती, गंज, टाकीतला गाळ अडवतं. म्हणजे आजीचं फडकंच, जरा बारीक. दुसरा टप्पा कार्बनचा, वास आणि क्लोरीन शोषून घेतो. तिसरा यूएफ पडदा. बारीक पोकळ दोऱ्यांचा जुडगा, छिद्रं साधारण ०.०१ मायक्रॉनची. जिवाणू यातून जात नाहीत, विषाणूही बहुतेक अडतात. वीज लागत नाही, पाणी वाया जात नाही. साथीच्या दिवसांत मी तरीही पाणी उकळते. खळखळून उकळी आली की मिनिटभर तशीच ठेवायची. याहून भरवशाचं यंत्र अजून निघालेलं नाही.

बसवायचं कसं? सिंकखालच्या अँगल कॉकवर एक टी बसवायची, तिथून पाव इंची नळी फिल्टरला. सांध्याला टेफ्लॉन टेप. पाणी आत कुठून, बाहेर कुठून याचे बाण कार्ट्रिजच्या डोक्यावर असतात, ते बघून जोडायचं. पिण्याच्या पाण्याला वेगळी छोटी तोटी लागते, त्यासाठी ग्रॅनाइटला भोक पाडावं लागतं. ते ज्याच्याकडे नीट ड्रिल आहे त्यालाच पाडू द्या, ओटा तडकला की फिल्टरपेक्षा महाग पडतं. पाण्याचा दाब आधी बघा. गच्चीवरची टाकी तुमच्या तोटीपेक्षा दहा मीटर उंच असेल तर साधारण एक बार दाब मिळतो. वरच्या मजल्यावर तो तीन-चार मीटरचाच असतो, तिथे धार बारीक येणार हे धरून चाला. सुरुवातीचं दहा-पंधरा लिटर पाणी काळसर येतं, ती कार्बनची भुकटी. ते पाणी झाडांना घाला. पहिले दोन दिवस सांध्याखाली कोरडा कागद ठेवा, थेंब पडला तर लगेच दिसतो.

बसवणं अर्धा दिवसाचं, सांभाळणं कायमचं. स्पन तपकिरी झाला की बदलायचा, आमच्याकडे तीन-चार महिन्यांत होतो. कार्बन सहा महिने ते वर्ष. फिल्टरच्या अंगावर मार्करने तारीख लिहून ठेवा. न बदललेला फिल्टर म्हणजे जंतूंचं वसतिगृह. आणि एक महत्त्वाचं. कार्बन क्लोरीन काढून टाकतो. म्हणजे गाळलेल्या पाण्याचं संरक्षण करणारं आता काही उरलेलं नाही. ते दिवस-दिवस साठवू नका, घासलेल्या झाकणाच्या भांड्यात भरा आणि त्याच दिवशी संपवा.

इथवर घरचं झालं. आता ज्यासाठी ही पोस्ट लिहिली ते.

जानेवारी २०२५. सिंहगड रोड, धायरी, नांदेड, किरकटवाडी. जीबीएस. हातापायातली ताकद जाऊन धडधाकट माणसं व्हेंटिलेटरवर गेली. संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर पोचला, काही जण दगावले. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर आणि नोरोव्हायरस सापडले, दूषित पाण्याकडे बोट गेलं. तेव्हा आपल्याला काय कळलं? की २०१७ आणि २०२१ मध्ये महापालिकेत घेतलेल्या या गावांपैकी काहींना नांदेडच्या विहिरीतून पाणी जात होतं. धरणाच्या अगदी उशाशी असूनही ते पाणी पर्वतीसारख्या केंद्रातून गाळून येत नव्हतं. नुसतं क्लोरीन मिसळून पुढे. म्हणजे एका शहरात, एकाच धरणाचं पाणी, आणि एका बाजूला गाळलेलं तर दुसऱ्या बाजूला न गाळलेलं. १८९२ च्या हॅम्बुर्ग आणि आल्टोनाच्या गोष्टीपेक्षा हे वेगळं कसं, मला सांगा.

त्याच भागातले अनेक खासगी आरओ पाण्याचे प्रकल्प महापालिकेला बंद करावे लागले. पाच-दहा रुपयांत जार भरून देणारे. लोकांनी नळावर विश्वास नाही म्हणून जार घेतला, आणि जारचं पाणीही तपासणीत नापास!

आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी त्याच बाजूला राहतात. साथ आल्यापासून त्या रोज जाताना दोन बाटल्या भरून नेतात. मी म्हटलं, "मावशी, चार न्या की." त्या म्हणाल्या, "ताई, दोन पोरांना पुरतंय. आम्ही मोठी माणसं काय, नळाचंच पितो." त्यांच्या घरी सिंक नाही. सिंकखाली काही बसवायचा प्रश्नच येत नाही.

मला खटकतं ते हे. फिल्टर बसवणं वाईट नाही, मीही बसवलाय. पण तो बसल्यावर काय होतं? घरचं पाणी गोड लागतं, आणि आपण नगरसेवकाला फोन करणं बंद करतो. गढूळ पाणी आलं तर कार्ट्रिज बदलतो, तक्रार करत नाही. ज्यांचा आवाज महापालिकेत ऐकला जातो, तेच लोक गप्प बसतात. आणि ज्यांना ओरडूनही कोणी ऐकत नाही, ते नळाचंच पितात. तळं खुलं करायला या महाराष्ट्रात माणसांनी मार खाल्ला. ते पाणी सर्वांसाठी सारखं स्वच्छ ठेवायला आपल्याला मार खायचा नाही, नुसता अर्ज करायचाय. पाणीपुरवठा हे महापालिकेचं अनिवार्य कर्तव्य आहे, महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये ते लिहिलंय. कर आपण भरतोच.

म्हणून तीन कामं सांगते, तिन्ही आपल्या आवाक्यातली.

एक, सोसायटीच्या पुढच्या मीटिंगमध्ये टाकी धुण्याची तारीख विचारा आणि ती लिफ्टशेजारच्या फलकावर लिहायला लावा. वर्षातून निदान दोनदा.

दोन, क्लोरीन तपासा. खेड्यात जलसुरक्षक ओटी टेस्ट करतो. परीक्षानळीत पाणी, त्यात औषधाचे थेंब, पिवळं झालं तर क्लोरीन आहे. तपासलेलं पाणी प्यायचं नाही, टाकून द्यायचं. गावच्या माणसाला हे माहीत आहे, लाखांचे फ्लॅट घेणाऱ्या आपल्याला नाही. हे किट फार महाग नसतं. सोसायटीत एक पुरेल. फिल्टरच्या पाण्याचं नाही, थेट नळाचं पाणी तपासा. रंग आलाच नाही तर फोटो काढा, तारीख-वेळ टाका आणि प्रभाग कार्यालयात लेखी तक्रार करून पोच घ्या.

तीन, वॉर्डनिहाय पाणी तपासणीचे अहवाल माहितीच्या अधिकारात मागा. कुठल्या नळाला किती क्लोरीन सापडलं, हे दर आठवड्याला लोकांसमोर यायला हवं. हे आकडे महापालिकेकडे असतात, ते आपलेच आहेत.

फिल्टर घ्यायचा तर जरूर घ्या. धरणाचं पाणी असेल तर आरओच्या नादी लागू नका, बोअरचं असेल तर आधी प्रयोगशाळेतून तपासून घ्या आणि मग ठरवा. पण आपल्या घरापुरतं पाणी स्वच्छ झालं म्हणून शहराचं पाणी स्वच्छ झालं असं समजू नका. कॉलरा, नारू, कावीळ यांतलं काहीही एका घराच्या गाळण्याने गेलेलं नाही. गेलं ते सगळ्यांनी मिळून, सगळ्यांसाठी गाळलं तेव्हाच.

तुमच्या भागात नळाला क्लोरीनचा वास येतो का? पाणी किती तास येतं? वॉर्डाच्या नावासकट खाली लिहा. पंचवीस-तीस जणांची माहिती जमली की एकत्र अर्ज करू. पोस्ट पटली तर नावासकट शेअर करायला हरकत नाही.